पडून राहिलेले तीस दिवस

कोजागिरीच्या रात्री मसाला दुधाचा दुसरा पेला हातात घेऊन संपादकांनी मला गाठलं. "तुम्ही कॉम्प्युटरवाले मंडळात एवढे, पण अंकासाठी लिहायची वेळ आली की सगळे गायब. काहीतरी द्या. फक्त कळेल असं द्या." शेवटची अट अवघड होती. पण ज्या गोष्टीवर बरेच दिवस लिहायचं मनात होतं, ती खरं तर फारशी कॉम्प्युटरची नाहीच. ती एका स्टोअरकीपरच्या ग्रॅच्युइटीची आहे. आणि त्यात चूक माझी आहे, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी.

मी १९९४ साली पुण्याहून दुबईला आलो. देऱ्यातल्या एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी लागली. हुद्दा 'प्रोग्रॅमर', पण प्रिंटरची रिबन बदलण्यापासून साहेबांच्या मुलाचा व्हिडिओ गेम सुरू करून देण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच. पगाराचा पहिला प्रोग्रॅम मी क्लिपरमध्ये लिहिला. पुढे विंडोज आलं, मग जावा आली, कंपनीही बदलली, पण पगार काही सुटला नाही. आज केस गेले तरी महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला पोटात गोळा येतोच.

आता थोडं शिकवणं भाग आहे. वाचकहो, घाबरू नका, एकच शब्द आहे: स्थिरांक. प्रोग्रॅममध्ये काही आकडे असे असतात की ते रोज कोणी टाइप करायचे नसतात. ते कायद्याने, कराराने किंवा पंचांगाने ठरवून दिलेले असतात. अशा आकड्याला सुरुवातीलाच एक नाव द्यायचं आणि पुढे सगळीकडे आकडा न लिहिता ते नाव लिहायचं. हा झाला स्थिरांक. फायदा काय? मी आलो तेव्हा एका डॉलरला ३.६७१ दिरहॅम धरायचो. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो दर ३.६७२५ झाला आणि आजतागायत तिथेच आहे. ज्यांनी प्रोग्रॅमच्या डोक्यावर 'डॉलर_दर' असं नाव देऊन ठेवलं होतं त्यांनी एक ओळ बदलली आणि चहाला गेले. मी मात्र तेव्हा शहाणा नव्हतो. अकरा ठिकाणी ३.६७१ असं उघडं लिहिलं होतं, त्यातली दहा सापडली. अकरावी एका मोठ्या आयातीच्या बिलात सापडली, आणि ती मला नाही, बँकेला. लाख डॉलरच्या बिलात दीडशे दिरहॅमचा फरक. त्या दिवसापासून मी स्थिरांकांचा कट्टर भक्त झालो. इतका, की लागो न लागो, प्रत्येक आकड्याला नाव देऊन ठेवायला लागलो.

आणि आपल्या माणसांना 'ठेवून देणे' ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. श्रीखंड संपतं पण डबा राहतो. आमच्या स्वयंपाकघरात आजही रिकाम्या डब्यांचे तीन मनोरे आहेत आणि त्यांतला एकही टाकायचा नाही असा आदेश आहे. माझ्या प्रोग्रॅमचंही तसंच झालं. नाव दिलेले, पण कुठेच न वापरलेले आकडे साठत गेले.

सांगलीकर आणि त्याची यादी

२०१९ साली आमच्याकडे सांगलीचा एक तरुण मुलगा रुजू झाला. सगळे त्याला सांगलीकरच म्हणत, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो. पहिल्याच महिन्यात त्याने आमच्या प्रोग्रॅमवर 'लिंटर' चालवला.

लिंट म्हणजे कपड्याला चिकटणारी कस्पटं, धाग्यांची लव. कपडे सुकवायच्या मशीनच्या जाळीत जो करडा गोळा जमतो, तोच. बेल लॅबोरेटरीजमधल्या स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' नावाचा प्रोग्रॅम केला आणि १९७८ साली त्याबद्दल लिहिलं. कंपायलर प्रोग्रॅम चालेल की नाही एवढंच बघतो. लिंट त्यापुढे जाऊन सांगतो: चालेल बाबा, पण इथे काहीतरी चिकटलंय. त्याचे वंशज म्हणजे आजचे लिंटर. प्रत्येक भाषेला दोन-चार तरी असतात. जावासाठी आम्ही पीएमडी नावाचं हत्यार वापरतो. फाइलच्या आत खासगी ठेवलेलं एखादं नाव कुठेच वापरलेलं नसेल तर ते बरोबर दाखवतं.

तर सांगलीकरने यादी काढली. दोनशे बारा इशारे. त्यातले निम्म्याहून जास्त एकाच प्रकारचे: 'अमुक नाव दिलं आहे, पण वापरात नाही.' पहिल्या पानावरच लिहिलं होतं (नावं इथे मराठीत करून देतो) 'सोमवार: वापरात नाही.' आम्ही दोघेही खूप हसलो. सोमवार अनावश्यक आहे हे यंत्रालासुद्धा कळलं!

त्यातली गंमत अशी. हजेरीच्या प्रोग्रॅममध्ये मी सातही वारांना आकडे देऊन ठेवले होते. पण उल्लेख करायची वेळ फक्त सुट्टीच्या वारांवर यायची. पूर्वी इथल्या सरकारी कचेऱ्यांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे, जुन्या वाचकांना आठवत असेल. तेव्हा 'शनिवार' हा माझ्याकडे पडून होता. सप्टेंबर २००६ मध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारवर आली. शनिवार कामाला लागला, गुरुवार पडला. मग १ जानेवारी २०२२ पासून संघीय सरकारने शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असं ठरवलं. शारजाने शुक्रवारही सुट्टीतच ठेवला. इतकी वर्षं नुसता बसून असलेला 'रविवार' एका रात्रीत मानाचा झाला. २००५ साली एखाद्या टापटीप माणसाने लिंटरचं ऐकून शनिवार आणि रविवार पुसून टाकले असते तर काही आकाश कोसळलं नसतं, ते परत लिहिता आले असते. पण पाचच दिवसांचा आठवडा ज्याने पाहिला त्या पुढच्या माणसाने मला वेड्यातच काढलं असतं.

म्हणून मी सांगलीकरला म्हटलं, "ही यादी ठेव बाजूला. कायद्याचे आणि पंचांगाचे आकडे आहेत. उद्या लागतील."

तो म्हणाला, "काका, पण दोनशे ओळी आहेत की. यात एखादी खरी चूक असली तर दिसायची कशी?"

"अरे, न वापरलेल्या आकड्याने कुणाचं वाईट केलंय?" असं मी म्हणालो. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

नवा कायदा, जुनी सवय

इथल्या खासगी नोकरीत पेन्शन नसते, तिच्या जागी नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. आपल्यातल्या बहुतेकांच्या गावाकडच्या घराची निदान एक भिंत तरी त्या पैशाची असते. हिशेब साधा आहे. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार, पाचाच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा, आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त नाही.

१९८० च्या कायद्यात याला एक शेपूट होतं. मुदत नसलेल्या करारावरच्या माणसाने स्वतःहून राजीनामा दिला आणि नोकरी एक ते तीन वर्षांची असली तर एक तृतीयांशच रक्कम, तीन ते पाच वर्षांची असली तर दोन तृतीयांश, पाचाच्या वर गेली तर पूर्ण. २०२१ सालचा ३३ क्रमांकाचा कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला आणि हे शेपूट गेलं. राजीनामा दिला म्हणून कात्री नाही.

चांगला कायदा. माझ्यासाठी मात्र जानेवारीची रात्रपाळी. ग्रॅच्युइटीचा भाग मी नव्याने लिहायला घेतला. पहिल्या पाच वर्षांची ओळ लिहिली. ती कॉपी करून खाली चिकटवली. वर्षांचा भाग बदलला. दिवसांचं नाव बदलायचं राहून गेलं. म्हणजे वरही 'पहिल्या_पाचचे_दिवस' आणि खालीही 'पहिल्या_पाचचे_दिवस'. 'पाचनंतरचे_दिवस' हा तीसचा स्थिरांक फाइलच्या डोक्यावर जसाच्या तसा उभा, पण त्याला विचारणारं खाली कोणी नाही.

तपासणी केली नाही असं नाही. चार माणसांचा हिशेब हाताने करून प्रोग्रॅमशी ताडून पाहिला. पण कायदा बदलला होता पाच वर्षांच्या आतल्यांसाठी, म्हणून चौघंही आम्ही पाच वर्षांच्या आतलीच घेतली. चारही उत्तरं बरोबर.

सांगलीकरने सवयीने लिंटर चालवला. यादीत तीन नवीन ओळी आल्या होत्या, एकाखाली एक:

राजीनामा_एक_तृतीयांश: वापरात नाही.
राजीनामा_दोन_तृतीयांश: वापरात नाही.
पाचनंतरचे_दिवस: वापरात नाही.

पहिल्या दोन ओळी अगदी बरोबर होत्या. कायद्यानेच ते आकडे निवृत्त केले होते. तिसरी ओळ म्हणजे घंटा वाजत होती. पण तिन्ही ओळींचा आवाज एकच आणि भोवती आणखी दोनशे आवाज. ती यादी कोणी वाचली नाही, कारण ती वाचायची नाही असं मीच सांगून ठेवलं होतं.

मामांचा कागद

आमच्या गोदामात चिपळूणकडचे एक स्टोअरकीपर होते. सगळी कंपनी, अगदी फिलिपिनो मुलीसुद्धा, त्यांना 'मामा'च म्हणायची. २०१० साली आमच्याकडे लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये बारा वर्षं पुरी करून कायमचे गावी निघाले. मूळ पगार दीड हजार दिरहॅम. हिशेबाच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा सही न करता ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, जरा बघता काय? माझं कायतरी चुकत असंल."

हातात जुन्या डिलिव्हरी नोटची पाठ आणि तिच्यावर पेन्सिलीने हिशेब. पाच वर्षांचे एकवीसने एकशे पाच दिवस. सात वर्षांचे तीसने दोनशे दहा. एकूण तीनशे पंधरा दिवस. आमच्याकडे महिन्याचे तीस दिवस धरतात, तेव्हा दिवसाला पन्नास दिरहॅम. १५,७५०. प्रोग्रॅमने छापलेला आकडा होता १२,६००.

मी काय म्हणावं? "मामा, कॉम्प्युटर चुकत नाही हो. तुम्ही काहीतरी जुना नियम धरलाय." तेही मान डोलावून म्हणाले, "असंल, असंल." सही करायला वळलेही होते. पण तेवढ्यात माझी नजर त्या कागदावरच्या 'तीस'वर अडली. हा तीस मी स्वतः कधीतरी लिहिला होता. मग तो गेला कुठे?

फाइल उघडली. तीस जागेवरच होता.

फरक ३,१५० दिरहॅमचा. त्या वेळच्या भावाने सत्तर हजार रुपयांच्या आसपास. कंपनीने त्याच आठवड्यात पूर्ण रक्कम दिली, त्याबद्दल तक्रार नाही. फेब्रुवारीपासून नोकरी सोडून गेलेल्या सगळ्यांचे हिशेब काढले तेव्हा पाच वर्षांच्या वरचे आणखी तिघे निघाले. दोघे त्यांच्या देशी परतले होते, त्यांना शोधून पैसे पाठवले. तिघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं. मामांनी विचारलं म्हणून कळलं, आणि तेसुद्धा जवळजवळ माफी मागत विचारलं.

भाषांच्या नाना तऱ्हा

त्यानंतर मी जरा चौकशी केली. न वापरलेल्या स्थिरांकाचं करायचं काय, यावर या धंद्यात एकमत नाही. सासू-सुनेइतके दोन पक्ष आहेत आणि दोघींचंही थोडं थोडं खरं आहे.

गूगलमध्ये जन्मलेली 'गो' ही भाषा २००९ साली जाहीर झाली. ती शिस्तीची अगदी कडक. फंक्शनच्या आत एखादं चल घेतलं आणि वापरलं नाही तर प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही. इशाराबिशारा नाही, थेट नकार. बाहेरून आणलेलं पॅकेज वापरलं नाही तरी तेच. पण न वापरलेला स्थिरांक दिसला की ही कडक बाई एक अवाक्षर काढत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे याचं कारण आमच्या सोमवारातच आहे. स्थिरांक बहुधा एकटा येत नाही, कुटुंबाबरोबर येतो. सात वार, बारा महिने, बँकेच्या फाइलमधले कोड. त्यातले चार वापरले म्हणून उरलेल्यांना घराबाहेर काढत नाहीत.

गोसाठी 'स्टॅटिकचेक' नावाचा वेगळा लिंटर आहे. तो हीच गोष्ट नियमात बसवतो: एका गटात लिहिलेल्या स्थिरांकांपैकी एक जरी वापरला असेल तर सगळा गट वापरात आहे असं धरतो. हे वाचून मी आधी टाळी वाजवली. मग लक्षात आलं की माझे एकवीस आणि तीस शेजारी शेजारी, एकाच गटात असते. एकवीस वापरात होता. म्हणजे या शहाण्या नियमाने मामांचा तीस अगदी शांतपणे झाकला असता! वारांना जो नियम शोभतो तो ग्रॅच्युइटीला घातक.

सी भाषेच्या जीसीसी कंपायलरने २०१६ साली सहाव्या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र इशारा आणला, आणि तो दोन पायऱ्यांचा. पहिली पायरी फक्त मुख्य फाइलमधल्या न वापरलेल्या स्थिरांकांवर बोट ठेवते. अनेक फाइलींनी मिळून वापरायच्या 'हेडर'मधल्यांवर बोलायचं असेल तर दुसरी पायरी मुद्दाम मागावी लागते. हा भेद मला पटतो. स्वतःच्या पिशवीतलं न लागणारं सामान ही माझी चूक. मंडळाच्या सामायिक कपाटातली समई मला आज लागली नाही म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही.

पायथॉनमध्ये तर स्थिरांक असा प्रकारच नाही. मोठ्या लिपीत नाव लिहायचं आणि सगळ्यांनी सभ्यपणे त्याला हात लावायचा नाही, एवढंच. शिवाय दुसरी कुठलीही फाइल ते नाव उचलून नेऊ शकते. म्हणून 'पायफ्लेक्स'सारखा लिंटर फाइलीच्या पातळीवरच्या अशा नावांबद्दल गप्प राहतो. ते काम करायला 'व्हल्चर' नावाचं, म्हणजे चक्क गिधाड नावाचं, हत्यार आहे. ते सगळ्या प्रोग्रॅमवर घिरट्या घालतं आणि मेलेलं काय ते सांगतं, तेही टक्केवारीसकट. 'हे चल मेलेलं दिसतं, साठ टक्के खात्री.' मला हा प्रामाणिकपणा फार आवडला. साठ टक्के मेलेला माणूस कसा दिसतो ते ज्याने पंचवीस तारखेला पगाराचं काम केलंय त्याला विचारा.

आणि 'रस्ट'. ही भाषा न वापरलेला स्थिरांक दिसला की इशारा देते. तुम्हाला तो ठेवायचाच असेल तर नावाच्या आधी एक अधोरेषा द्या किंवा वर तसं लिहून द्या, मग ती गप्प. सप्टेंबर २०२४ च्या १.८१ आवृत्तीपासून तिने आणखी एक सोय दिली: 'हा इशारा येणार हे मला ठाऊक आहे' असं लिहायचं आणि शेजारी कारण लिहायचं. पुढे कधी तो आकडा वापरात आला, म्हणजे इशारा यायचाच बंद झाला, तर ती उलट विचारते की तुमची ही परवानगी आता कशाला हवी? एखाद्या खमक्या आत्याबाईंसारखं. मला विचाराल तर यातच बरंचसं उत्तर आहे.

पुसून टाकणाऱ्यांची बाजू

ठेवणाऱ्यांची वकिली मी वर्षानुवर्षं केली, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअरदलाल कंपनी होती. २००३ पासून न वापरलेला एक जुना भाग त्यांच्या प्रोग्रॅममध्ये तसाच पडून होता. २०१२ साली नव्या कामासाठी त्यांनी त्याच जुन्या भागाची खूण पुन्हा वापरायला घेतली. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा प्रोग्रॅम चढवायचा राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडला, त्या एका सर्व्हरने ती खूण जुन्या अर्थाने वाचली, आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. कंपनी त्यातून स्वतंत्रपणे उभी राहिली नाही. तो स्थिरांक नव्हता, अख्खा भागच होता, हे मान्य. पण 'पडून राहिलंय तर राहू दे, खातंय काय' म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

शिवाय 'उद्या लागेल' ही माझी सबब आता जुनी झाली. १९९४ साली पुसलेलं गेलं ते गेलं, फ्लॉपी सापडली तर नशीब. आज प्रत्येक बदलाची नोंद गिटमध्ये असते. सांगलीकरने मला सहा वर्षांपूर्वीची फाइल दोन मिनिटांत काढून दाखवली. म्हणजे पुसणं म्हणजे टाकून देणं नव्हे, माळ्यावर ठेवणं. आणि माझ्या गोष्टीतही तेच दिसतं. सांगलीकरने तो तीस पुसायला घेतला असता तरी चूक उघडी पडली असती, कारण पुसण्याआधी कोणीतरी विचारलं असतंच, की अरे, तीस दिवस कुठेच नाहीत, हे कसं? आम्ही ठेवलाही नाही आणि काढलाही नाही. नुसता दुर्लक्षित केला. तिन्हींतलं सर्वांत वाईट ते केलं.

म्हणून माझं मत असं झालं आहे. न वापरलेला स्थिरांक दिसला की लिंटरने बोललंच पाहिजे. गप्प राहणारा लिंटर आमच्या कामाचा नाही. पण त्याने तो स्वतःहून पुसूही नये. काही संपादक-प्रोग्रॅम अशी सफाई एका बटणावर करून देतात. तसं बटण माझ्या हातात असतं तर तीसचा मागमूसही उरला नसता, आणि मामांच्या कागदावर माझी नजर अडायला काही कारणच राहिलं नसतं. तो आकडा का वापरला गेला नाही हे यंत्राला कळू शकत नाही. कायदा बदलला म्हणून, की वार सातच असतात म्हणून, की रात्री अडीच वाजता एका माणसाने ओळ कॉपी केली म्हणून? बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. हे माणसाला विचारावं लागतं, आणि विचारलेल्या माणसाने लिहून उत्तर द्यावं लागतं.

कामाच्या मध्येच मात्र अडवू नये. आधी आकड्याला नाव द्यायचं आणि पाच मिनिटांनी वापरायचं ही सगळ्यांचीच पद्धत असते. त्या पाच मिनिटांत प्रोग्रॅम चालूच द्यायचा नाही हा गोच्या स्वभावाचा कडकपणा स्थिरांकांना लावला तर पोरं वैतागून लिंटरच बंद करतील. अडवायचं ते काम पुरं झालं म्हणून आणून देतात त्या दारात.

आमच्याकडे आता असंच आहे. दोनशे बारा ओळी निपटायला सांगलीकरला आणि मला तीन गुरुवार लागले. बहुतेक पुसल्या. वार, महिने आणि बँकेतून पगार पाठवायच्या डब्ल्यूपीएस फाइलचे कोड एका वेगळ्या फाइलमध्ये नेले आणि ती फाइल लिंटरच्या नजरेतून वगळली. ग्रॅच्युइटीचे आकडे मात्र मुद्दाम नजरेखालीच ठेवले. राजीनाम्याचे ते एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश, जुन्या कायद्याखालचे आमचे हिशेब मिटेपर्यंत, शेजारी कारण लिहून ठेवले होते, नंतर काढले. सफाईत आणखी एक चूक सापडली: रमझानमध्ये रोजचे दोन तास कमी धरायचा आकडा एके ठिकाणी नावाने न घेता उघडा 'दोन' लिहिला होता. उत्तर बरोबरच येत होतं, म्हणून कोणाचं काही गेलं नाही.

आज यादीत शून्य ओळी असतात. एक आली की दोघंही खुर्चीतून उठतो.

मामा चिपळूणला आहेत. गेल्या मे महिन्यात गावी गेलो होतो तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आलो. घराच्या मागच्या पडवीला नवीन पत्रे घातलेत. "हे तुमच्या कॉम्प्युटरचे," म्हणाले. मी म्हटलं, "मामा, तुमच्या पेन्सिलीचे." त्यांनी फणसाचे गरे पुढे केले आणि विषय पावसावर नेला.

ग्रॅच्युइटीच्या चाचणीत आम्ही आता चाराऐवजी पाच माणसं घेतो. पाचव्याची नोकरी बारा वर्षं, मूळ पगार १,५००. उत्तर १५,७५० आलं नाही तर प्रोग्रॅम पुढे जात नाही.